वर्गाला तळटीप नसते : नेतोजी पालकर, रायबागन, भाई कोतवाल आणि विकिपीडियाचे संपादक

१/ आजचा धागा एका छोट्याशा ओळीविषयी आहे. विकिपीडियावरील कोणताही लेख उघडा आणि अगदी तळाशी जा. तिथे ‘वर्ग’ या शब्दापुढे काही नावे ओळीने दिलेली आढळतील. बहुतेक वाचकांची नजर तिथवर पोचतही नाही. लेख लिहिणाऱ्या स्वयंसेवी संपादकांचे कडवे वाद मात्र पुष्कळदा याच ओळीवरून होतात. ते का, हे आज पाहू.

२/ उदाहरणांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरील पळसदरी हे छोटे स्थानक मध्यभागी धरा. बोरघाटाची चढण इथूनच सुरू होते. भोवतालच्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांशी जोडलेल्या तीन व्यक्ती आपण घेऊ : चौकचे मानले जाणारे नेतोजी पालकर, उंबरखिंडीत मुघलांच्या बाजूने आलेल्या रायबागन आणि माथेरानचे भाई कोतवाल.

३/ आधी वर्ग म्हणजे काय ते समजून घेऊ. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. विकिपीडियाच्या प्रणालीत वर्गांची सोय २००४ साली आली. संपादक लेखाच्या शेवटी वर्गाचे नाव लिहितो आणि तो लेख आपोआप त्या वर्गाच्या यादीत जाऊन बसतो. यादीत दिसते ते केवळ शीर्षक. ती व्यक्ती या यादीत का आली, कधीपासून कधीपर्यंत तिथे शोभते, कोणाच्या मते शोभते, यांपैकी काहीही तिथे लिहिता येत नाही.

४/ लेखातील वाक्याला तळटीप जोडता येते. ‘अमुक बखरीनुसार’, ‘तमुक इतिहासकारांच्या मते’ असे म्हणता येते. वर्गाला ही सवलत नाही. तो ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलतो. म्हणूनच वाद होण्याजोगा वर्ग लावताना विशेष सावध राहावे आणि ज्या गुणामुळे व्यक्ती मुख्यतः ओळखली जाते त्याच गुणाचा वर्ग करावा, असे इंग्रजी विकिपीडियाचे संपादकीय संकेत सांगतात.

५/ छापील कोशांपुढे ही अडचण एवढी तीव्र नव्हती. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० ते १९२९ या काळात २३ खंडांत पूर्ण झाला. त्याच्या मुख्य शरीरखंडांतील नोंदी अकारविल्हे लावलेल्या आहेत. अकारविल्ह्यात संत आणि लुटारू शेजारी येऊ शकतात आणि त्यावरून कोणी कोशकाराला जाब विचारत नाही. वर्णक्रमाला मत नसते.

६/ सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी भारतवर्षीय चरित्रकोशाचे तीन भाग केले : प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) आणि अर्वाचीन (१९४६). त्यांनीही वर्गवारीच केली, पण काळाची. कोण कोणत्या शतकात होऊन गेले, हे बहुतेक वेळा पुराव्याने ठरते. कोण निष्ठावंत, कोण फितूर, कोण क्रांतिकारक, कोण दरोडेखोर, हे ठरवणाऱ्या याद्या त्यांना करायच्या नव्हत्या. आजच्या संपादकाला त्या टाळता येत नाहीत.

७/ आता नेतोजी पालकर. खालापूर तालुक्यातील चौक हे त्यांचे गाव मानले जाते. १६५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे सरनोबत होते. ‘प्रतिशिवाजी’ ही त्यांची ख्याती. एवढ्यावर थांबलो तर वर्ग सोपा आहे : ‘मराठा सेनापती’. पण नेतोजींचे आयुष्य तिथे थांबत नाही.

८/ जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. त्यानुसार महाराज मिर्झाराजे जयसिंगांच्या आदिलशाहीविरुद्धच्या मोहिमेत सामील झाले. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. नेतोजी वेळेवर पोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना सरनोबतीवरून दूर केले, असे सभासद बखर सांगते. नेतोजी आदिलशाहीकडे गेले आणि थोड्याच दिवसांत जयसिंगांनी त्यांना पाच हजारांची मनसब देऊन मुघलांकडे ओढून घेतले.

९/ पुढे १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले. आता नेतोजीही परत जातील, अशी औरंगजेबाला शंका आली. त्याच्या हुकमावरून दख्खनमध्येच नेतोजींना कैद करून उत्तरेत पाठवण्यात आले. १६६७ मध्ये त्यांचे धर्मांतर झाले, मुहम्मद कुली खान हे नाव मिळाले आणि त्यांची रवानगी वायव्य सरहद्दीकडे झाली. सुमारे दहा वर्षांनी ते दख्खनेत परतले आणि महाराजांकडे आले. १६७६ मध्ये प्रायश्चित्त घेऊन ते शुद्ध झाल्याची नोंद जेधे शकावलीत आहे.

१०/ आता स्वतःला संपादकाच्या जागी ठेवा. समोर चार वर्ग आहेत : ‘मराठा सेनापती’, ‘मुघल मनसबदार’, ‘इस्लाम स्वीकारलेल्या व्यक्ती’, ‘हिंदू धर्मात परतलेल्या व्यक्ती’. चारही वर्गांना कागदाचा आधार आहे. चारही लावले तर प्रत्येक यादी वेगळेच नेतोजी दाखवते. एकच लावला तर उरलेली वर्षे पुसली जातात.

११/ ‘इस्लाम स्वीकारलेल्या’ हे शब्द नीट वाचा. ‘स्वीकारणे’ या क्रियापदात संमती गृहीत धरलेली आहे. कैदेतल्या माणसाचे धर्मांतर आणि स्वेच्छेने केलेले धर्मांतर यांतील फरक लेखातील परिच्छेद दोन वाक्यांत सांगू शकतो. वर्गाची पाटी तो फरक गिळून टाकते. म्हणून हा वर्ग काढा म्हणणारा संपादक नेहमीच सत्य लपवत असतो असे नाही आणि तो ठेवा म्हणणारा नेहमीच द्वेष पसरवत असतो असेही नाही. दोघेही एकाच अपुऱ्या साधनाशी झगडत असतात.

१२/ ‘मुघल मनसबदार’ हा वर्ग तरी निर्विवाद आहे का? पुरंदरच्या तहानुसार संभाजीराजांच्या नावे पाच हजारांची मनसब ठरली होती. त्या वेळी त्यांचे वय अवघे आठ वर्षांचे होते. निव्वळ व्याख्या पाळली तर आठ वर्षांचा तो राजपुत्र आणि मिर्झाराजे जयसिंग एकाच यादीत येतील. तांत्रिकदृष्ट्या हे खोटे नाही. पण ही यादी वाचून कोणाला काही कळेल, असेही नाही. ‘मुख्यतः ओळखली जाते त्याच गुणाचा वर्ग’ हा संकेत अशा ठिकाणी उपयोगी पडतो.

१३/ दुसरे उदाहरण रायबागन यांचे. खोपोलीहून पालीकडे जाताना चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी महाराजांच्या सैन्याने इथे कारतलबखानाच्या मोठ्या मुघल फौजेला जंगलात कोंडले. त्या फौजेत माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई होत्या. ‘रायबागन’ हा त्यांचा किताब. लढणे व्यर्थ आहे, शरण जावे, असा सल्ला त्यांनी खानाला दिल्याचे वर्णन कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात आहे. खानाने खंडणी भरली आणि फौजेला वाट मिळाली.

१४/ रायबागन यांना कोणत्या वर्गात ठेवाल? ‘मुघल सरदार’ असे म्हटले की आजचा वाचक त्यांना परक्या समजतो, पण त्या माहूरच्या देशमुखीण होत्या. ‘मराठी वीरांगना’ असे म्हटले की त्या स्वराज्यासाठी लढल्या असा ग्रह होतो, पण त्या तर स्वराज्याविरुद्ध चालून आलेल्या फौजेत होत्या. सतराव्या शतकात वतन, घराणे आणि चाकरी यांच्या निष्ठा ज्या धाग्यांनी विणलेल्या होत्या, ते धागे आपल्या आजच्या ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ या दोन कप्प्यांत मावत नाहीत.

१५/ मराठी संपादकापुढे तर वर्गाच्याही आधी एक निवाडा उभा असतो : क्रियापद. ‘महाराज आले’ आणि ‘खान आला’. आदरार्थी बहुवचन कोणाला द्यायचे, हे ठरवताच बाजू ठरून जाते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला प्रत्येक वाक्यात पडतो. या धाग्यात नेतोजी, रायबागन आणि कोतवाल या तिघांनाही आदरार्थी रूप वापरले आहे. औरंगजेबाला ते वापरलेले नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. परंपरेने चालत आलेली ही सवय आहे. ती कोशात कितपत चालावी, हा खरोखरच चर्चेचा विषय आहे.

१६/ तिसरे उदाहरण विसाव्या शतकातले. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा आणि अडीअडचणीला धान्यकोठी, अशी कामे त्यांनी केली. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला.

१७/ खोपोली आणि भिवपुरी इथली टाटांची जलविद्युत केंद्रे मुंबईला वीज पुरवत होती. तिकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे पाडायचे, हे दस्त्याचे मुख्य काम. सरकारने कोतवालांवर बक्षीस लावले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले.

१८/ सरकारी दप्तरात कोतवाल फरारी गुन्हेगार होते. स्वतंत्र भारतात ते हुतात्मा आहेत. इथे कोणी म्हणेल : कोशाने तटस्थ राहावे, मधला शब्द शोधावा, ‘विजेचे मनोरे पाडणारी व्यक्ती’ असे लिहावे. पण तटस्थता म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मध्ये उभे राहणे नव्हे. ते मनोरे कशासाठी पाडले गेले हे गाळले, तर वाक्यातील प्रत्येक शब्द खरा असूनही नोंद खोटी ठरते.

१९/ मग ‘स्वातंत्र्यसैनिक’ म्हटले की प्रश्न मिटला का? पुरता नाही. १९४२ ची तोडफोड अहिंसेच्या चौकटीत बसते की नाही, यावर त्या काळी खुद्द काँग्रेसजनांतच मतभेद होते. त्यामुळे ‘भारतीय स्वातंत्र्यसैनिक’ हा वर्ग पक्का ठरतो, पण त्याखालच्या ‘गांधीवादी’ आणि ‘क्रांतिकारक’ या उपवर्गांपाशी संपादक पुन्हा अडतो.

२०/ शब्दांचे अर्थही मध्येच बदलतात. बिपन चंद्र आणि सहकाऱ्यांच्या १९८८ च्या इंग्रजी ग्रंथात भगतसिंग आदींच्या मार्गाला ‘क्रांतिकारी दहशतवाद’ म्हटले होते. त्या पिढीच्या इतिहासलेखनात ही संज्ञा निंदेची नव्हती. पण नंतरच्या दशकांत ‘दहशतवादी’ या शब्दाचा अर्थ पुरता पालटला आणि २०१६ मध्ये त्यावरून देशभर वादळ उठले. बिपन चंद्रांनी स्वतः पुढे ही संज्ञा सोडून दिली होती. परिच्छेदात असे स्पष्टीकरण देता येते. वर्गाच्या नावात ते देता येत नाही.

२१/ कोतवालांच्या नोंदीत आणखी एक नाजूक प्रश्न आहे : जात. समाजाला आपल्या हुतात्म्याचा अभिमान असतो आणि तो रास्त आहे. ज्यांची नावे इतिहासातून सहज गळतात, त्यांची जात नोंदवणे कधी न्यायाचेही असते. पण माणूस जातीच्या यादीत गेला की तिथेच राहतो, हा धोकाही खरा आहे. दक्षिण आशियातील जातिसमूहांविषयीचे वाद इतके विकोपाला गेले, की इंग्रजी विकिपीडियाला २०१२ मध्ये या विषयासाठी शिस्तीचे विशेष नियम करावे लागले.

२२/ हा धोका आपल्यापुरता नाही. एप्रिल २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरील ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गातून लेखिकांची नावे हळूहळू ‘अमेरिकन स्त्री कादंबरीकार’ या उपवर्गात हलवली जात असल्याचे अमांडा फिलिपाची या लेखिकेने दाखवून दिले. परिणाम असा, की मुख्य यादी पुरुषांचीच उरत चालली. धडा सरळ आहे : स्वतंत्र यादी करा, पण तिच्यापायी मुख्य यादीतून नाव काढू नका. कोतवाल कोणत्याही समाजाच्या यादीत असोत, ‘भारतीय स्वातंत्र्यसैनिक’ या यादीत ते असलेच पाहिजेत.

२३/ एवढ्याशा पाटीवरून इतका खल कशाला, असे वाटत असेल तर इतिहासातलीच एक पाटी आठवा. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना ‘गुन्हेगार’ ठरवले. त्या जमातीत जन्मलेले मूल पाटी घेऊनच जन्माला येई. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी ‘विमुक्त’ समाजांच्या मागचा संशय संपला नाही. पाटी लावणारा विसरतो, ती वाहणाऱ्याला विसरता येत नाही.

२४/ आणि पाटी लावणाऱ्यालाही धोका असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाल्यावर छत्रपती संभाजी महाराजांच्या इंग्रजी विकिपीडियावरील लेखातील मजकुरावरून संताप उसळला. महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला. विनामोबदला, फावल्या वेळात लिहिणाऱ्या माणसासमोर आज ‘संदर्भ काय?’ एवढाच प्रश्न उरलेला नाही. अशा वेळी घाईने लावलेला वर्ग वाद पेटवतो आणि भीतीने पुसलेला वर्ग इतिहास पुसतो.

२५/ मग मार्ग काय? एक उदाहरण युरोपातले. ग्दान्स्क की दान्झिग, या शहराच्या नावावरून पोलिश आणि जर्मन बाजूंचे संपादक एकमेकांची वाक्ये सतत पुसत होते. २००५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर मतदान झाले आणि तोडगा निघाला : १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना दान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. कोण खरा, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि ‘केव्हा?’ हा प्रश्न पुढे आणला.

२६/ हाच प्रश्न नेतोजींना लावून पाहा. ‘नेतोजी कोण होते?’ याला एकच उत्तर नाही. ‘१६६४ मध्ये नेतोजी कोण होते?’ याला आहे : महाराजांचे सरनोबत. ‘१६७० मध्ये?’ मुहम्मद कुली खान या नावाने मुघलांच्या चाकरीत. ‘१६७६ अखेरीस?’ पुन्हा स्वराज्यात. ज्याला आपण विसंगती म्हणत होतो, तो वस्तुतः कालक्रम आहे.

२७/ विकिपीडियाचाच भगिनी प्रकल्प असलेल्या विकिडेटाची रचना अशी आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात ‘पद : सरनोबत’ एवढे लिहून थांबावे लागत नाही. कधीपासून, कधीपर्यंत आणि कोणत्या संदर्भानुसार, हे त्या विधानालाच जोडता येते. म्हणजे पाटीला तळटीप मिळते. वर्गांना ती मिळेपर्यंत संपादकाने स्वतःच काही पथ्ये पाळावीत, हे उत्तम.

२८/ पहिले पथ्य : वर्ग पदाचा किंवा घटनेचा करावा, स्वभावाचा नव्हे. ‘सरनोबत’ चालेल, ‘फितूर’ चालणार नाही. दुसरे : मूल्यनिवाड्याचा शब्द वापरायचाच असेल तर तो लेखात, कोणाचा आहे हे सांगून वापरावा. तिसरे : वर्ग नुसता वाचून अनभिज्ञ वाचकाचा गैरसमज होणार असेल, तर वर्ग सोडावा आणि परिच्छेद लिहावा. चौथे : आपल्याला प्रिय असलेल्या व्यक्तीला लावलेली कसोटी अप्रिय व्यक्तीलाही तशीच लावावी. चौथे पथ्य सर्वांत अवघड आहे.

२९/ या पथ्यांनी वाद मिटणार नाहीत, आणि मिटावेत असेही नाही. लेखामागचे ‘चर्चा’ पान उघडले, की जुने मतभेद तारीखवार वाचता येतात. छापील कोशाच्या संपादकमंडळातले वाद आपल्याला क्वचितच दिसतात. इथे ते उघड्यावर आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने लेखापेक्षाही आधी ते पान वाचावे.

३०/ चौक, उंबरखिंड आणि माथेरान ही तिन्ही ठिकाणे पळसदरीहून एका दिवसाच्या फेरीत येण्याजोगी आहेत. जाल तेव्हा तिथल्या स्मारकांवरील आणि फलकांवरील मजकूर लक्षपूर्वक वाचा. कोणती वर्षे लिहिली आहेत आणि कोणती गाळली आहेत, ते टिपून घ्या. आपल्या तालुक्यातही एका शब्दात न मावणारी अशी एखादी व्यक्ती असेल, तर खाली अवश्य लिहा. फक्त नावासोबत वर्ष आणि संदर्भ द्यायला विसरू नका.

(धागा समाप्त)